अनुवादाला घुसखोर ठरवणारा पहारेकरी

१८ मे २००७ रोजी चीनमधील हजारो संगणक सुरू होईनासे झाले. हे काम विषाणूचे नव्हते, विषाणूरोधक आज्ञावलीचे होते. सिमँटेक कंपनीच्या नॉर्टन या आज्ञावलीने विंडोज एक्सपीच्या चिनी आवृत्तीतील दोन मूलभूत फाइली ‘घातक’ ठरवून बाजूला काढल्या. इंग्रजी आवृत्ती वापरणाऱ्यांना याची झळ लागली नाही. प्रसंग जुना आहे. पण त्यातून निघणारा प्रश्न आजही सुटलेला नाही.

संकेतस्थळांची सुरक्षा तपासणाऱ्या आज्ञावल्यांची एक रीत पाहू या. मूळ फाइलमधील सर्व बाइटांवर गणित करून एक संख्या काढली जाते. तिला फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. एमडी-५ या पद्धतीत हा ठसा १२८ बिटांचा असतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. संकेतस्थळावरील फाइलचा ठसा मूळ ठशाशी जुळला नाही, की तपासनीस इशारा देतो.

रीत उत्तम आहे. पण ‘मूळ’ कशाला म्हणायचे? वर्डप्रेसच्या भाषांतरित संचात, आवृत्तीची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये भाषा सांगणारी एक ओळ जादा असते. तपासनिसाने इंग्रजी संचाचे ठसे हाती धरले, तर ही निर्दोष फाइल ‘छेडछाड झालेली’ ठरते. वास्तविक वर्डप्रेस भाषावार ठसे उपलब्ध करून देते. आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर भाषाही विचारायची, एवढेच काम. ते न करणे हा गणिताचा दोष नसून आळसाचा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीतले. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. हा फरक दाखवण्यासाठी संगणकावर पुष्कळदा ‘र्’नंतर शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. अदृश्य चिन्हांचा उपयोग लबाडीसाठीही होतो, हे खरे. पण अशा प्रत्येक चिन्हाला सरसकट संशयित धरणारा नियम केला, तर शुद्ध मराठी लिहिणाराच आरोपी ठरेल.

खोट्या इशाऱ्यांनी काय बिघडते? थोडा हिशेब करू. समजा, १०,००० फाइलींपैकी एकच खरोखर दूषित आहे. तपासनीस ती अचूक पकडतो, पण चांगल्या फाइलींपैकी १ टक्का चुकीने दोषी ठरवतो. म्हणजे खोटे इशारे सुमारे १००, खरा १. शाळेचे संकेतस्थळ सांभाळणारे शिक्षक अशा वेळी काय करतील? घाबरून चांगल्या फाइली पुसतील, नाहीतर कंटाळून सगळेच इशारे दुर्लक्षित करतील. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता. इथला मुलगा प्रामाणिक आहे, पण त्याला मेंढी आणि लांडगा यांतला फरक नीट शिकवलेला नाही. गावाचे नुकसान मात्र तेवढेच.

म्हणून भाषांतराच्या फाइली तपासूच नयेत, असे कोणी सुचवील. ते धोक्याचे आहे. २०२४ मधील ६.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसचे अनुवाद पीएचपी फाइलींतही साठवले जातात, आणि पीएचपी फाइल ही संगणकाला चालवता येते. तो कप्पा विनातपासणी सोडणे म्हणजे चोराला मागचे दार उघडे ठेवणे.

तपासनिसाने दोन गोष्टी कराव्यात. तुलना त्याच आवृत्तीच्या त्याच भाषेतील संचाशी करावी; आणि ‘फाइल वेगळी आहे’ व ‘फाइल घातक आहे’ ही दोन विधाने वेगळी ठेवावीत. पहिले निरीक्षण आहे, दुसरा निष्कर्ष. इशारा आल्यास आपणही अधिकृत ठिकाणाहून तोच संच उतरवून दोन्ही फाइली शेजारी ठेवाव्यात आणि नेमकी कोणती ओळ वेगळी आहे ते पाहावे. पुसण्याची घाई करू नये.

निरीक्षण आणि निष्कर्ष यांतला हा फरक आपण प्रयोगवहीत विद्यार्थ्यांकडून रोज लिहून घेतो. पहारेकऱ्याकडूनही तीच अपेक्षा ठेवायला हवी.