घर वाढतं तेव्हा : चार्ल्स कोरिया आणि बेलापूरचं अंगण

चार्ल्स कोरिया म्हटलं की मुंबईतली कांचनजंगा ही उंच इमारत आठवते. ती १९८३ साली पूर्ण झाली. त्याच सुमारास खाडीपलीकडे, बेलापूरला, त्यांनी बैठ्या घरांची एक वसाहत आखली. आज बोलायचं आहे ते त्या आर्टिस्ट्स व्हिलेजबद्दल, कारण कोरियांचा सामाजिक विचार किती टिकला, हे आमच्या मते तिथं नीट तपासता येतं.

थोडं मागे जाऊ. १९६५ साली कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईवरचा भार हलका करायला खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले.

बेलापूरची मांडणी साधी आहे. सात घरं आणि मधे साधारण आठ बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे उत्पन्नात कितीही फरक असला तरी जागेत फार तफावत नाही. आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. का? तर उद्या कुटुंब वाढलं, चार पैसे जमले, तर शेजाऱ्याची भिंत न हलवता खोली वाढवता यावी.

पुढे लोकांनी तेच केलं. बरीच मूळ उतरत्या छपरांची घरं पाडून आरसीसीची मोठी घरं उभी राहिली. वास्तुकलेतली मंडळी हळहळतात. आम्हाला ही हळहळ पटत नाही. वाढायची मुभा द्यायची आणि घर वाढलं की नाक मुरडायचं, हे कसं चालेल?

आमचा आक्षेप वेगळा आहे. उष्ण हवामानात उघडं आभाळ हीच गरिबाची जादा खोली, असं कोरिया मांडत आले. पण आठ मीटरच्या अंगणाभोवती मजले चढले, की ऊन-वारा कमी होतो तो सातही घरांचा. भिंतीचा वाद आराखड्यानं टाळला, पण उंचीचा प्रश्न नुसत्या आराखड्यानं सुटत नाही. त्याला रहिवाशांनी आपसांत ठरवलेला आणि पालिकेनं पाळायला लावलेला नियम लागतो.

तेव्हा बेलापूरला गेलात, तर किती जुनी छपरं उरली ते मोजत बसू नका. अंगणात उभं राहा आणि वर बघा. आता प्रश्न घेऊ या.