दास्य, करार आणि गुलामगिरी

इंग्रजी, जर्मन, फ्रेंच यांसारख्या भाषांत दासवाचक शब्द दोन फार वेगळ्या वाङ्मयांत वावरताना दिसतो. एक वाङ्मय आहे ते अमेरिकेतील मळ्यांवरून सुटून आलेल्या माणसांच्या आत्मकथनांचे. दुसरे आहे एका प्रौढ व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीच्या हाती राजीखुशीने स्वतःवरील सत्ता सोपविल्याच्या कथांचे. मालक, दास, साखळी, चाबूक, आज्ञा ही सामग्री दोन्हींकडे सारखीच आहे. या साम्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. ज्या अर्थी माणसे दास्य मागून घेतात, त्या अर्थी गुलामगिरीतही काही सुख असले पाहिजे, हा पहिला. जेथे चाबूक आहे तेथे संमती असूच शकत नाही, म्हणून सत्तेचा असा प्रत्येक विनिमय ही गुलामगिरीच होय, हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष शब्दाच्या साम्याला वस्तूचे साम्य समजण्यातून आलेले आहेत. हे साम्य कोठे संपते याचा निवाडा बाहेरून करण्याची फारशी गरज नाही. या वाङ्मयातील महत्त्वाच्या कृतीच तो करून देतात.

लेओपोल्ड फॉन झाखर-मासोख याची ‘व्हीनस इन फर्स’ या इंग्रजी नावाने परिचित असलेली जर्मन कादंबरी 1870 साली प्रसिद्ध झाली. लेखकाच्या आडनावावरून मानसशास्त्राने पुढे एक संज्ञा घडविली आणि तिच्या छायेत कादंबरी जवळजवळ झाकून गेली. सेव्हेरीन हा जमीनदाराचा मुलगा वांडा या तरुण विधवेला विनवतो, की तिने त्याला आपला दास करून घ्यावे. वांडा आधी कचरते, मग तयार होते. तो ग्रेगोर हे नोकराचे नाव घेतो, तिच्यामागून फ्लॉरेन्सला जातो, आपली संमती कागदावर लिहून देतो. दासांचा बाजार जेथे भरतो अशा कॉन्स्टँटिनोपलला जाण्याचा बेत प्रथम ठरलेला असतो. तो वांडा बदलते, आणि त्यामागचे तिचे कारण कादंबरीतील सर्वांत मार्मिक विधान ठरते. जेथे सर्वांपाशीच दास आहेत तेथे आपल्यापाशी दास असण्यात विशेष ते काय, असा तिचा प्रश्न आहे. कायदा ज्याला बांधत नाही आणि केवळ तिच्या व्यक्तित्वाने जो बांधला गेला आहे, असा दास तिला सुधारलेल्या युरोपात हवा आहे.

कादंबरीने येथे आपल्या विषयाची सीमा स्वतःच आखून दिली आहे. स्वेच्छादास्याला अर्थ येतो तो आसपास गुलामगिरी नसल्यामुळे. ज्याला कायद्याने स्वातंत्र्य आहे तोच ते देऊ करू शकतो. जे मुळात हिरावून घेतलेले आहे ते देता येत नाही. सेव्हेरीनचे दास्य त्याच्या नागरिकत्वावर उभे आहे. फ्रेंच तत्त्वचिंतक जील देलझ याने 1967 साली मासोखवर लिहिलेल्या प्रबंधात करार हे या लेखकाच्या सृष्टीचे केंद्र मानले, ते याच दृष्टीने सार्थ आहे. करार करणारा पक्ष असतो, आणि पक्ष असणे हे गुलामाला नाकारलेले असते. गुलामाच्या व्यवहारातही दस्त होतो, परंतु तो विकणारा आणि विकत घेणारा यांच्यात. गुलाम हा त्या दस्ताचा विषय असतो, पक्ष नव्हे.

लेखकाच्या चरित्रातील एक कागद या संदर्भात कादंबरीशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. डिसेंबर 1869 मध्ये मासोख आणि फॅनी पिस्टर यांनी खरोखरीचा करार केला. त्याची मुदत सहा महिन्यांची होती. मासोखच्या प्रतिष्ठेला बाध येईल असे काही त्याच्याकडून करवून घ्यायचे नाही, लेखनासाठी त्याला रोज सहा तास मोकळे द्यायचे, त्याची पत्रे व लेखन वाचायचे नाही, अशी बंधने मालकिणीवर होती. कादंबरीतील करारातून मात्र ही सारी कुंपणे नाहीशी झाली आहेत. तेथे मुदत नाही, राखून ठेवलेले तास नाहीत; दासाचा जीव घेण्याचाही अधिकार मालकिणीला आहे, आणि त्यासाठी सेव्हेरीनकडून आत्महत्येची चिठ्ठी आधीच लिहून घेतली जाते. जीवनात ज्या मर्यादांमुळे हा खेळ शक्य झाला त्या मर्यादा कल्पनेने पुसून टाकल्या. स्वेच्छादास्याचे वाङ्मय वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. कल्पित कथेला निरपेक्ष समर्पण हवे असते, प्रत्यक्षातील संबंध मात्र अटींवर जगतो. आजच्या काळात असे संबंध स्वीकारणारी माणसे आधी ठरविलेल्या मर्यादा, थांबण्याचा संकेतशब्द आणि संमती केव्हाही मागे घेण्याचा हक्क यांवर भर देतात. तो भर कादंबरीपेक्षा त्या 1869 च्या कागदाच्या जवळचा आहे.

कादंबरीचा शेवटही या अटींच्या अभावाचाच परिणाम म्हणून वाचता येतो. वांडा सेव्हेरीनला बांधवून घेते आणि चाबूक तिच्या ग्रीक प्रियकराच्या हाती देते. करार दोघांतला होता. तिसरा त्यात नव्हता. त्या क्षणी खेळ संपतो आणि फसवणूक सुरू होते. संमतीचा अर्थ एकदा दिलेला कोरा कागद असा घेतला, तर ती संमती हे विश्वासघाताचेच साधन बनते, हे मासोखने दाखविले आहे. त्याला न दिसलेली एक गोष्ट मात्र वाचकाला दिसते. फ्लॉरेन्सच्या वाड्यात सेव्हेरीनला बांधण्यासाठी वांडा तीन कृष्णवर्णीय दासींना बोलावते. लाल रेशमी वस्त्रांतल्या या स्त्रिया हाती दोर घेऊन येतात, काम उरकून निघून जातात. सेव्हेरीनच्या दास्याचे शेकडो सूक्ष्म तपशील देणाऱ्या या कादंबरीला त्या कोठून आल्या, त्यांनी कोणता करार केला होता, हे विचारावेसे वाटत नाही. खऱ्या दास्याचा इतिहास तेथे सजावट होऊन उभा आहे.

हीच सजावट एका इंग्रज मोलकरणीच्या रोजनिशीत अधिक अस्वस्थ करणारे रूप घेते. हॅना कलविकचा जन्म 1833 चा. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. 1854 साली तिची आर्थर मन्बी या सुशिक्षित, प्रतिष्ठित गृहस्थाशी गाठ पडली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. हॅना मन्बीला ‘मासा’ म्हणत असे. मळ्यांवरील गुलाम ‘मास्टर’ या शब्दाचा जो उच्चार करीत, तोच हा. ती गळ्यात कुलूपबंद साखळी घाली आणि किल्ली मन्बीपाशी असे. काजळी फासून आपला चेहरा ती काळा करी. 1873 च्या जानेवारीत दोघांनी गुपचूप लग्न केले, परंतु हॅनाने मोलकरणीचा वेश टाकून कुलीन पत्नीची भूमिका मनापासून कधी स्वीकारली नाही. 1877 साली ती त्याचे घर सोडून गेली. पुढे भेटी होत राहिल्या, त्या तिच्या स्वतःच्या बिऱ्हाडी.

हॅनाला केवळ बळी ठरविणे सोपे आहे, पण रोजनिशी त्याला दाद देत नाही. कष्टाने मळलेल्या हातांचा तिला अभिमान आहे. बायकोपणापेक्षा मोलकरीणपणात तिला अधिक मोकळीक दिसते. ती निघून गेली आणि तिला कोणी पकडून परत आणले नाही. दुसरीकडे, ही रोजनिशी मन्बीच्या सांगण्यावरून लिहिली गेली आणि त्याच्या वाचनासाठी पाठविली गेली. गृहस्थ आणि मोलकरीण यांच्यातील अंतर साखळी घालण्यापूर्वीपासूनच होते. संमती ही समानांच्या बैठकीवर द्यावयाची गोष्ट असेल, तर त्या समाजाने हॅनाला ती बैठक दिली नव्हती. अ‍ॅन मॅक्लिन्टॉक यांनी 1995 साली या संबंधाचे विवेचन करताना वंश, वर्ग आणि साम्राज्य यांचे धागे एकत्र दाखविले, ते आवश्यकच होते. हॅनाची निवड खरी होती आणि ती अरुंद होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानावी लागतात. तरीही तिने उसना घेतलेला शब्द ज्यांच्याकडून आला, त्यांच्यापाशी तेवढीही निवड नव्हती.

त्यांची कथा हॅरिएट जेकब्ज हिच्या 1861 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सापडते. उत्तर कॅरोलायनातील एडेन्टन येथे जन्मलेली ही स्त्री मालकाच्या लैंगिक छळापासून वाचण्यासाठी आजीच्या घराच्या छपराखालील, ताठ उभे राहता येणार नाही अशा पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. मालकाच्या वासनेला बळी पडण्याऐवजी तिने दुसऱ्या एका गोऱ्या गृहस्थाशी संबंध स्वीकारला. आपल्यावर मालकी नसलेल्या पुरुषाला स्वतःला देण्यात स्वातंत्र्याशी मिळतेजुळते काही असते, या आशयाचे तिचे निवेदन तत्कालीन नीतिकल्पनांना धक्का देणारे होते. स्वेच्छादास्याचा नायक स्वातंत्र्याच्या भरपूर साठ्यातून थोडे दास्य विकत घेतो. जेकब्ज दास्याच्या अंधारात स्वातंत्र्याची एक चिमूट शोधते. तिच्या नकाराला कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून तिच्या होकारालाही अर्थ उरला नव्हता. 1855 साली मिसूरीत सीलिया या गुलाम तरुणीने आपल्यावर वारंवार बलात्कार करणाऱ्या मालकाला ठार केले. स्त्रीच्या अब्रूचे रक्षण करणाऱ्या कायद्याचा आधार न्यायालयाने तिला मिळू दिला नाही, आणि तिला फाशी झाली.

ऑर्लँडो पॅटर्सन यांनी 1982 च्या आपल्या ग्रंथात गुलामगिरीला सामाजिक मृत्यू म्हटले. अखंड हिंसेचा धाक, जन्मजात नात्यांचा उच्छेद आणि अप्रतिष्ठा ही त्यांनी सांगितलेली तिची लक्षणे आहेत. यांतील दुसरे लक्षण प्रस्तुत तुलनेत निर्णायक ठरते. व्हर्जिनियात 1662 साली झालेल्या कायद्याने मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरू लागली. गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच मालकाच्या मालमत्तेत जमा झाले. फ्रेडरिक डग्लस याला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती आणि आईची भेट रात्रीच्या अंधारात मोजक्या वेळा घडली, हे त्याच्या 1845 च्या आत्मकथनाच्या आरंभीच येते. अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी सुमारे 1 कोटी 25 लाख आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली. सेव्हेरीनचे दास्य त्याच्या मुलाबाळांकडे जात नाही. त्याला विकता येत नाही. पळून गेला तर त्याला पकडून देणे हे शेजाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य ठरत नाही. गुलामगिरी हा दोघांतील संबंध नसून त्या दोघांभोवती उभ्या असलेल्या राज्याचा, बाजाराचा आणि पंचक्रोशीचा संबंध आहे.

या भेदाकडे कानाडोळा केला की काय घडते, याचे उदाहरण जाँ पोलाँ यांच्या प्रस्तावनेत मिळते. 1954 साली पोलीन रेआज या टोपणनावाने ‘ओ’ची कथा प्रसिद्ध झाली. ती आन देक्लो या विदुषीची असल्याचे चाळीस वर्षांनी, 1994 मध्ये, उघड झाले. पोलाँ यांनी दास्यातील सुखावर लिहिलेल्या या प्रस्तावनेच्या आरंभी बार्बेडोसमधील 1838 सालची एक कथा दिली आहे. मुक्त झालेले दोनशे गुलाम ग्लेनेल्ग नावाच्या जुन्या मालकाकडे पुन्हा दास करून घेण्याची विनंती करतात. तो नकार देतो तेव्हा त्याला ठार करतात. त्या काळी लंडनमध्ये वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याचेच नाव लॉर्ड ग्लेनेल्ग होते. एवढ्यावरूनही या कथेचे रूप इतिहासाचे नसून दृष्टांताचे आहे हे कळावे. ‘ओ’ला प्रत्येक टप्प्यावर होकार विचारला जातो आणि ती तो देते, तिच्या पुस्तकाला या दृष्टांताची गरजच नव्हती. एका लेखिकेच्या कल्पनाविश्वातील समर्पणाला आधार म्हणून मुक्त झालेल्या माणसांच्या तोंडी गुलामगिरीची मागणी घालणे, हा त्या माणसांवर झालेला वाङ्मयीन अन्याय आहे.

मराठी वाचकाला हा भेद ओळखण्यास त्याची भाषाच साहाय्य करते. नवविधा भक्तीत दास्याला स्थान आहे. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, आणि ते नाव तिने स्वतः धारण केलेले असते. या दास्याची जात आध्यात्मिक आहे, त्याची कामसंबंधांतील दास्याशी गल्लत करण्याचे कारण नाही. परंतु ‘दास’ या शब्दाला स्वीकाराची एक छटा आहे, जी ‘गुलाम’ या शब्दाला नाही. पेशवाईतील कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी वाचताना ‘दास्यभाव’ हा शब्द कोणाला सुचणार नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली, म्हणजे हॅनाच्या लग्नाच्याच वर्षी, आपले पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्याला त्यांनी ‘गुलामगिरी’ असे नाव दिले. जन्माने लादलेल्या अवस्थेसाठी हाच शब्द योग्य होता.

जॉन स्टुअर्ट मिल याने 1859 साली असे प्रतिपादन केले, की स्वतःला कायमचे गुलाम म्हणून विकण्याचा करार मान्य करता येत नाही. स्वतंत्र न राहण्याचे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्याच्या तत्त्वात बसत नाही. स्वेच्छादास्याची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. दिलेली सत्ता परत घेता येते तोपर्यंत तो दोन स्वतंत्र माणसांचा व्यवहार असतो, मग त्याचे बाह्यरूप इतरांना कितीही चमत्कारिक वाटो. ती परत घेता येईनाशी झाली की त्याला करार म्हणणे ही भाषेची फसवणूक ठरते, आणि साखळी मखमलीची असल्याने तीत फरक पडत नाही. सेव्हेरीन अखेर वडिलांच्या जमिनीवर परततो आणि आपली हकीकत लिहून काढतो. डग्लसला लेखन-वाचनसुद्धा मालकाच्या मनाईविरुद्ध चोरून शिकावे लागले. जेकब्जचे स्वातंत्र्य 1852 साली तिच्या हितचिंतक मालकिणीने पैसे मोजून विकत घेतले, आणि आपल्या विक्रीची पावती न्यूयॉर्कसारख्या शहरात अस्तित्वात असावी याची खंत तिने मुक्तीच्या आनंदातही लपविली नाही. एका वाङ्मयात कागदावर दासाची सही आहे. दुसऱ्यात कागदावर फक्त त्याची किंमत आहे.