ट्रोलची शिकार की ट्रोलचा निवाडा? : नॉर्डिक लोकसाहित्यावर आधारित भूमिकाखेळाची चिकित्सा

प्रास्ताविक

लोककथा ही सांगितली जाते, गायिली जाते, रंगभूमीवर सादर केली जाते, हे आपणास परिचित आहे. गेल्या पन्नास वर्षांत तिच्या सादरीकरणाचा आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो. तो स्थळ, प्रसंग आणि गौण पात्रे उभी करतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेऊन त्या पात्राच्या वतीने बोलतात व निर्णय घेतात. कृती यशस्वी झाली की नाही, हे फासे ठरवितात. या प्रकारास येथे 'भूमिकाखेळ' अशी संज्ञा वापरली आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून त्याचा इतिहास सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. स्वीडनमध्ये १९८२ साली आलेल्या 'ड्राकार ओक डेमोनर' या खेळाने हा प्रकार तेथील तरुण पिढीत रुजविला.

अशा खेळाचा एक आवडता विषय म्हणजे ट्रोलची शिकार. (समाजमाध्यमांवरील छळासाठी आज मराठीत रूढ झालेले 'ट्रोल करणे' येथे अभिप्रेत नाही. येथे अभिप्रेत आहे तो उत्तर युरोपच्या लोकसमजुतीतील डोंगर-अरण्यात राहणारा मानवेतर जीव.) अशा खेळाची आखणी करताना लोकसाहित्याचे नेमके काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. खेळाची आखणी हे लोककथेवरील एक भाष्यच असते. नियम ज्याची मोजदाद करतात, तेच त्या जगात महत्त्वाचे ठरते. त्यामुळे सूत्रधाराची टाचणवही ही समीक्षेची सामग्री होऊ शकते.

'ट्रोल' : प्राणी की आरोप?

मराठी अनुवादांत 'ट्रोल'साठी सहसा 'राक्षस' हा शब्द योजला जातो. त्यामुळे एक निश्चित जात, एक निश्चित देहाकृती असा समज होतो. मूळ परंपरेत अशी निश्चिती नाही. मध्ययुगीन आइसलँडी साहित्यात हा शब्द महाकाय, चेटकीण, प्रेत, झपाटलेले जनावर अशा अनेकांसाठी येतो. आर्मान याकोब्सन यांनी २०१७ मधील आपल्या ग्रंथात याच अनिश्चिततेवर भर दिला आहे. जॉन लिंडो यांनी २०१४ मध्ये या कल्पनेचा दीर्घ प्रवास मांडला आहे. स्नॉरी स्टर्लुसन याच्या तेराव्या शतकातील 'एडा'मध्ये ब्रागी या कवीला रात्री अरण्यात एक ट्रोलस्त्री भेटते. ती त्याच्यावर झडप घालीत नाही. ती पद्यात त्याला तो कोण हे विचारते आणि स्वतः कोण हे सांगते. कवीही पद्यातच उत्तर देतो. ट्रोलशी झालेली ही जुनी भेट संवादाच्या स्वरूपाची आहे, ही बाब लक्षणीय आहे.

याहून गंभीर बाब शब्दाच्या कुळाची आहे. नॉर्वेजियन व स्वीडिश भाषांत 'ट्रोलडोम' म्हणजे चेटूक. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्क प्रांतात, सतराव्या शतकात चेटकाच्या आरोपावरून जे खटले झाले त्यांना तेथे याच शब्दाने ओळखले जाते. त्यांत प्राण गमावलेल्या ९१ व्यक्तींचे स्मारक वार्डो येथे स्टेइलनेसेट या जागी २०११ मध्ये उभारले गेले. या व्यक्तींना कोणी डोंगरातले ट्रोल मानले होते, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु 'हा आपल्यातला नाही' असा ठपका ठेवणारी आणि त्या ठपक्यानंतर हिंसा वैध ठरविणारी भाषा दोन्हीकडे एकाच धातूतून घडलेली आहे. म्हणजेच 'ट्रोल' हे प्राणिनाम असण्याइतकेच आरोपाचेही नाम आहे.

अद्भुतकथा आणि दंतकथा

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. लोककथांत ट्रोल मारले जातातच. मग शिकारीच्या खेळाला नाक का मुरडावे? पेटर ख्रिस्तेन आस्ब्यर्नसेन आणि यर्गेन मो यांच्या नॉर्वेजियन लोककथासंग्रहात (१८४१-४४) पुलाखालच्या ट्रोलला बोकड नामोहरम करतो, आणि अस्केलादेन हा धाकटा मुलगा ट्रोलशी जेवणाची पैज लावून त्यालाच स्वतःचे पोट फाडायला लावतो. आक्षेप खरा आहे. परंतु येथे कथाप्रकारांचा भेद लक्षात घेतला पाहिजे. 'कोणे एके काळी' घडणाऱ्या अद्भुतकथेत ट्रोल हा नायकाच्या वाटेतील अडथळा असतो. तेथेही धाकट्या मुलाचे हत्यार बहुधा युक्ती हेच असते. ज्या गावात, ज्या टेकडीवर, ज्या कुटुंबात घडले असे सांगितले जाते त्या दंतकथेत मात्र ट्रोल हा शेजारी असतो. तो उसनवारी करतो, सूड घेतो, माणसांना डोंगरात ओढून नेतो. आणि चर्चच्या घंटांनी, पोलादाने, बाप्तिस्म्याने त्याला दूर ठेवता येते. शेजाऱ्याचा बंदोबस्त करता येतो, पण त्याची शिकार करणे हा निराळा विषय आहे.

स्वीडनच्या स्कोने प्रांतातील ट्रोल-ल्युंगब्यू येथील दंतकथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. जवळच्या प्रचंड शिळेखाली नाताळच्या रात्री ट्रोल जल्लोष करतात, असे ऐकून वाड्याची मालकीण एका नोकराला पाहणीसाठी धाडते. ट्रोल त्याला शिंगातून पेय देतात. तो ते न पिता ओतून टाकतो आणि शिंग व शिटी घेऊन घोडा पिटाळतो. ट्रोल मागे लागतात, वस्तू परत मागतात. मालकीण त्या देत नाही. पुढे काही दिवसांतच नोकर आणि घोडा मरतात. ते शिंग व ती शिटी वाड्यात जपून ठेवलेली आहेत. या कथेत पहिला अपराध कोणाचा? ट्रोलांनी पाहुण्याला पेय देऊ केले होते. ते घातक होते, हे कथा सूचित करते. तरी वस्तू चोरली ती माणसाने. निवाडा सोपा नाही, आणि कथेचे सामर्थ्य त्यातच आहे.

तीन आखण्या

या पार्श्वभूमीवर ट्रोलविषयक तीन आधुनिक आखण्यांची तुलना करता येईल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील ट्रोलच्या जखमा आपोआप भरून येतात. त्याला अग्नी किंवा आम्ल यांनीच संपवावे लागते. हे वैशिष्ट्य उत्तर युरोपच्या दंतकथांतून आलेले नाही. ते पोल अँडरसन यांच्या १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीवरून घेतलेले आहे. येथे ट्रोलजवळ आयुष्याचे आकडे आहेत, पण गाऱ्हाणे नाही. खेळाडूंपुढे प्रश्न एकच उरतो : तो संपवायचा कसा?

दुसरे उदाहरण चित्रपटाचे आहे. परंतु शिकारीची आखणी करणाऱ्यांवर त्याचा प्रभाव पडावा इतके ते सुबक आहे. आंद्रे एव्रेदाल यांचा 'ट्रोलयेगेरेन' (२०१०) हा नॉर्वेजियन चित्रपट महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केलेल्या चित्रीकरणाच्या रूपात मांडला आहे. त्यात ट्रोल हे शासनाने लपविलेले वन्य प्राणी आहेत, विजेच्या उच्चदाब तारा म्हणजे त्यांचे कुंपण आहे आणि अतिनील दिव्याने त्यांचा दगड होतो. हान्स हा शिकारी सरकारी नोकर आहे. त्याला अर्ज भरावे लागतात. आपण केलेल्या जुन्या कत्तलीची आठवण त्याला छळते आणि म्हणूनच तो विद्यार्थ्यांना चित्रीकरण करू देतो. शिकारीच्या कल्पनेचे हे परीक्षण शिकाऱ्याच्याच तोंडून होते, हे या चित्रपटाचे यश होय.

तिसरे उदाहरण 'वेसेन' (२०२०) या स्वीडिश खेळाचे. योहान एगेरक्रान्स यांच्या 'नॉर्डिस्का वेसेन' (२०१३) या सचित्र ग्रंथाच्या आधारे नील्स हिंट्से यांनी तो रचला. काळ एकोणिसाव्या शतकाचा, केंद्र उप्साला. कारखाने व शहरे वाढत आहेत आणि माणूस व अदृश्य जीव यांच्यातील जुने संकेत मोडत आहेत. खेळाडूंना उपलब्ध असलेल्या पात्रप्रकारांत शिकारी आहे. पण त्याच्या पंक्तीला प्राध्यापक, वैद्य, धर्मगुरू, नोकर आणि भटक्याही आहेत. केवळ शस्त्राने अशा जीवाचा कायमचा बंदोबस्त सहसा होत नाही. तो का आला हे शोधावे लागते आणि त्याला साजेसा विधी सापडावा लागतो. प्रत्येक कथेच्या मुळाशी माणसांमधील संघर्ष ठेवण्याची अपेक्षा सूत्रधाराकडून केली जाते. दंतकथेच्या प्रकृतीशी ही आखणी सर्वांत प्रामाणिक आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि, तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कथेचा आरंभ बहुधा शहरातील जाणकारांना आलेल्या पत्राने होतो. ते प्रवास करून गावी येतात, चौकशी करतात, प्रश्न निकाली काढतात आणि परततात. एकोणिसाव्या शतकातील लोककथासंग्राहकाचीच ही वाट आहे. ज्यांना ट्रोलच्या शेजारी पुढेही राहायचे आहे, ते गावकरी या मांडणीत साक्षीदार ठरतात. ट्रोलला हेतू मिळतो, पण बाजू मांडण्याचा अवसर सूत्रधाराच्या मर्जीवर राहतो.

लागर्लोफ यांचे उत्तर

या मर्यादेपलीकडची वाट साहित्याने पूर्वीच दाखविली आहे. ट्रोल माणसाचे मूल पळवून आपले मूल पाळण्यात ठेवतात, आणि त्या मुलाला मारझोड केली की ट्रोलमाता आपले मूल न्यायला येऊन खरे मूल परत करते, अशी समजूत उत्तर युरोपात होती. ही समजूत निरुपद्रवी नव्हती. १६९० मध्ये गॉटलंड बेटावर एका जोडप्यावर खटला चालला. बदललेले मूल समजून त्यांनी आपले मूल नाताळच्या रात्री शेणखताच्या ढिगावर ठेवले होते आणि ते मरण पावले होते.

सेल्मा लागर्लोफ यांनी 'ट्रोल ओक मेनिस्कोर' (१९१५) या संग्रहातील 'बोर्टबीटिंगेन' या कथेत नेमकी हीच समजूत घेतली आणि तिचा न्याय उलटा केला. शेतकऱ्याची बायको ट्रोलच्या कुरूप मुलाला मारू देत नाही. त्यासाठी ती पतीचा आणि गावाचा रोष पत्करते. शेवटी तिचे स्वतःचे मूल परत येते, तेव्हा कळते की इकडे ट्रोलच्या मुलाशी जसे वर्तन झाले, तसेच तिकडे तिच्या मुलाशी होत होते. दंतकथेचे सर्व घटक लेखिकेने जसेच्या तसे ठेवले आहेत. फक्त 'ट्रोल ठरलेल्याशी कसे वागावे' या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. भूमिकाखेळात हा प्रश्न प्रत्यक्ष खेळाडूंनाच सोडवावा लागतो. वाचकाला न मिळणारी ही संधी या माध्यमाचे खरे बलस्थान आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून ट्रोलविषयक भूमिकाखेळाच्या आखणीसंबंधी पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१. सूत्रधाराने ट्रोलच्या सामर्थ्याआधी त्याचे गाऱ्हाणे लिहावे. ट्रोल-ल्युंगब्यूची कथा घेतल्यास खेळाडूंना वाड्याच्या मालकिणीने नेमलेले शिकारी करावे. शिंग कोणाचे, हे त्यांना शोधू द्यावे.

२. घंटा, पोलाद, बाप्तिस्मा ही साधने बंदुकीच्या जागी आणावीत. पण ती वापरल्यावर गावाला काय गमवावे लागते, हेही ठरवून ठेवावे.

३. एखाद्या खेळाडूला गावातच राहणाऱ्याची भूमिका द्यावी, म्हणजे निकालाचे परिणाम भोगणारे कोणीतरी मेजाशी असेल.

४. 'हा ट्रोल आहे' हे विधान सूत्रधाराने आरंभीच सत्य म्हणून सांगू नये. ते खेळाडूंनी करावे आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी.

यांपैकी चौथा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकारीला आरंभी ओळख पटलेली असावी लागते. उत्तर युरोपच्या दंतकथांत मात्र ओळख पटविणे हेच अवघड काम आहे, आणि फिनमार्क व गॉटलंड येथील इतिहास सांगतो की ती चुकीची पटली तर माणसे मरतात. शिकारीचा थरार टिकविण्यास कोणाची हरकत नाही. परंतु बाण सोडण्यापूर्वी खेळाडूचा हात क्षणभर थांबला, तर तो खेळ लोकपरंपरेशी इमान राखून आहे, असे म्हणता येईल.