'कान फुटणे' : लक्षण, आजार आणि बालआरोग्य तपासणी – एक समीक्षा

प्रस्तावना :
लहान मुलाच्या कानातून पू येऊ लागला की 'कान फुटला' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. या शब्दप्रयोगात लक्षण व आजार यांतील भेद पुसला जातो. बहुसंख्य मुलांत मध्यकर्णाचा जंतुसंसर्ग हेच त्याचे कारण असते. परंतु ते एकमेव कारण नव्हे. या दृष्टीने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील कर्णतपासणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साम्य आणि भेद :
'लँगरहॅन्स पेशी हिस्टिओसायटोसिस' हा आजार दरवर्षी दहा लाख बालकांमागे अवघ्या काही बालकांत आढळतो; त्यातही पहिल्या तीन वर्षांत अधिक. यात विशिष्ट पेशी बेसुमार वाढून हाड पोखरतात. कानालगतचे हाड पोखरले गेल्यास कान वाहतो, कर्णनलिकेत मांसल वाढ दिसते, कानामागे सूज येते. प्रतिजैविके देऊनही कान कोरडा होत नाही. डोक्यावर कोंड्यासारखे खवले, डोळा पुढे येणे, अतिशय तहान व वारंवार लघवी ही लक्षणे काही मुलांत सोबत असतात. निदान बायोप्सीनेच निश्चित होते. उपचार उपलब्ध आहेत. मध्यकर्णातील ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा या कर्करोगात वाहत्या कानासोबत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते. कानाच्या क्षयरोगात बहुधा वेदनेविना स्राव होतो व ऐकू येणे लवकर कमी होते.

कार्यक्रमाची चिकित्सा :
६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झालेल्या या कार्यक्रमाने जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ३० आरोग्यस्थिती निश्चित केल्या. मध्यकर्णदाहाचा त्यात समावेश झाला, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. मर्यादा येथेच जाणवते. साधा संसर्ग आणि दुर्मीळ आजार एका दृष्टिक्षेपात सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करतो तो काळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत दोन आठवडे वाहणारा कानही दीर्घकालीन ठरू शकतो, आणि आपल्या दोन भेटींत मात्र सहा महिन्यांचे अंतर असते. ज्या वयात हिस्टिओसायटोसिसचा संभव अधिक, तेच अंगणवाडीचे वय आहे. या मधल्या काळात मूल पाहणारी माणसे दोनच : आई आणि अंगणवाडी सेविका.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर यांसारख्या तालुक्यांतील पाड्यांवरून नाशिकला येणे म्हणजे पालकांची मजुरी बुडणे होय. अशा वेळी 'कान फुटलाय, बरा होईल' या समजुतीची किंमत मुलाला मोजावी लागते.

निष्कर्ष :
प्रत्येक वाहत्या कानाची बायोप्सी करावी, असे येथे सुचवावयाचे नाही; तसे करणे अनाठायी भय पसरविणारे ठरेल. मागणी मर्यादित आहे. उपचारानंतरही न थांबणारा स्राव, कानामागील सूज, मांसल वाढ, चेहऱ्याचा लुळेपणा यांपैकी काहीही आढळल्यास मुलास पुढील भेटीची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढी सूचना सेविका, आशा व शिक्षक यांच्या प्रशिक्षणात असावी. नाशिक येथे १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ कार्यरत आहे. त्याच्या सहकार्याने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही माहिती स्थानिक बोलीत पोहोचविणे आपल्या महाविद्यालयांना सहज शक्य आहे. कान फुटणे हे लक्षण आहे. आजाराचे नाव शोधणे त्यापुढचे काम आहे.