ग्राहक म्हणजे कोण?

कायद्याच्या प्राध्यापकाचा ग्रंथ घेऊन दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे यावे, हे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या ग्रंथाने किंमत, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्याकडे पाहण्याची अमेरिकन न्यायालयांची दृष्टीच पालटून टाकली, तो केवळ वकिलांच्या कपाटात राहू द्यावा असे मला वाटत नाही. तो ग्रंथ म्हणजे रॉबर्ट बोर्क यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला 'दि अँटिट्रस्ट पॅराडॉक्स'.

बोर्क यांचा जन्म १९२७ साली पिट्सबर्ग येथे झाला. शिकागो विद्यापीठात कायदा शिकत असताना ते अॅरन डायरेक्टर यांच्या अर्थशास्त्रीय विचारांच्या प्रभावाखाली आले. काही वर्षे वकिली करून १९६२ साली ते येल विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि मक्तेदारीविरोधी कायदा हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय बनला. पुढे त्यांनी सरकारी विधिज्ञाचे मोठे पद भूषविले आणि १९८२ साली ते न्यायाधीश झाले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा मात्र सेनेटने ते ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळले. त्या वादाची कारणे निराळी होती. पण त्यांचा ग्रंथ सर्वोच्च न्यायालयात त्याआधीच, १९७९ सालीच, जाऊन पोहोचला होता.

ग्रंथाचे म्हणणे थोडक्यात असे. मक्तेदारीविरोधी कायद्याचा हेतू एकच, ग्राहकांचे कल्याण. लहान दुकानदारांना जगवणे, मोठ्यांच्या मोठेपणाला आळा घालणे हे हेतू न्यायालयांनी त्यात मागाहून घुसडले. स्पर्धेच्या रक्षणासाठी केलेला कायदा अशा रीतीने स्पर्धेत मागे पडणाऱ्यांचे रक्षण करू लागला, हाच तो विरोधाभास.

हे सारे बोर्क असे स्वच्छ, धारदार भाषेत मांडतात, की कायद्याशी ओळख नसलेल्या वाचकालाही ते सहज समजावे. त्यांचा रोख खोटा होता असेही म्हणता येत नाही. लॉस एंजेलिसमधील किराणा मालाच्या दोन साखळी-दुकानांचे १९६० साली विलीनीकरण झाले. दोघांचा मिळून त्या शहरातील विक्रीतला वाटा अवघा साडेसात टक्के. तरी १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. एकेकट्या दुकानदारांची संख्या १९५० ते १९६१ या काळात ५,३६५ वरून ३,८१८ वर आली होती, याची न्यायमूर्तींना चिंता वाटली. ती चिंता सहृदय होती. पण साडेसात टक्क्यांत मक्तेदारी पाहणाऱ्या न्यायालयाला कोणी तरी हिशेब विचारणे आवश्यकच होते. तो विचारण्याचे श्रेय बोर्क यांना दिलेच पाहिजे.

माझा आक्षेप आहे तो त्यांच्या 'ग्राहककल्याण' या शब्दाला. समजा, दोन तेलगिरण्या एक झाल्या. तेल काढण्याचा खर्च किलोमागे पाच रुपयांनी उतरला, पण दुसरा गिरणीवाला उरला नाही म्हणून भाव दोन रुपयांनी चढला. चकल्यांसाठी तेल आणायला गेलेली गृहिणी दोन रुपये जास्त मोजून आली. गिरणीवाल्याला सात रुपये जादा सुटले. गृहिणी म्हणेल, माझे नुकसान झाले. बोर्क यांचे गणित वेगळे आहे. महागाईमुळे ज्यांनी तेल घेणे सोडले, त्यांच्यापुरते नुकसान वजा करा. ते खर्चातील बचतीहून कमी भरले, तर ग्राहककल्याण वाढले! कारण गिरणीचा मालकही कोठे तरी ग्राहकच असतो, आणि गृहिणीचे दोन रुपये केवळ एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेले.

अर्थशास्त्रात अशा बेरजेला 'एकूण संपत्ती' किंवा 'कार्यक्षमता' हे साधे नाव आहे. तिला ग्राहकाचे नाव दिल्याने तिची कठोरता लपते. १८९० सालच्या शर्मन कायद्यावरील चर्चेतून हाच अर्थ निघतो, असे बोर्क १९६६ पासून सांगत आले. पण रॉबर्ट लँडे या अभ्यासकाने १९८२ साली तीच चर्चा तपासून दाखवले, की ग्राहकाच्या खिशातला पैसा मक्तेदाराच्या तिजोरीत जातो, याचाच त्या प्रतिनिधींना संताप होता.

गंमत अशी, की १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने बोर्क यांच्या ग्रंथाचा आधार घेतला तो श्रवणयंत्रांना जादा किंमत मोजावी लागलेल्या गिऱ्हाइकांच्या खटल्यात. न्यायालयासमोरचा ग्राहक हा पैसे मोजणारा साधा माणूस होता. बोर्क यांच्या पानांतला ग्राहक तो नव्हे. पण शब्द एकच असल्यामुळे दोघांची गल्लत झाली आणि त्या गल्लतीवर पुढची कित्येक वर्षे कायद्याचा कारभार चालला.

तरी बोर्क आंधळे नव्हते. रेडिओवर जाहिरात देणाऱ्याची जाहिरात छापायची नाही, असा हट्ट धरणाऱ्या लोरेन गावच्या वृत्तपत्राविरुद्धचा १९५१ चा निकाल त्यांनी याच ग्रंथात योग्य ठरवला होता. १९९८ साली नेटस्केप कंपनीच्या वतीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध उभे राहताना त्यांनी त्याचाच आधार घेतला. अर्थात तेव्हा नेटस्केप त्यांची पक्षकार होती, हेही विसरू नये.

बोर्क २०१२ साली वारले. २०१७ साली, ते जेथे शिकवत त्याच येलमधील लीना खान या विद्यार्थिनीने त्यांच्याच ग्रंथनामावर बेतलेल्या नावाचा निबंध अॅमेझॉन कंपनीवर लिहिला. आजचा भाव स्वस्त आहे, एवढ्यावरून बाजार निरोगी ठरत नाही, हा त्याचा आशय. पुढे त्याही कायद्याच्या प्राध्यापिका झाल्या, आणि २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या अध्यक्षा होत्या. ज्या ग्रंथाला चाळीस वर्षांनी त्याच्याच नावाने उत्तर द्यावे लागते, तो ग्रंथ सामान्य नव्हे.

आपल्याकडे १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. त्याच्या प्रस्तावनेत ग्राहकांचे हित आणि बाजारातील इतरांचे व्यापारस्वातंत्र्य हे दोन्ही हेतू शेजारी शेजारी मांडलेले आहेत. बोर्क यांना हा गोंधळ वाटला असता. मला तो शहाणपणा वाटतो, कारण कोपऱ्यावरचा वाणी आणि त्याच्याकडून तेल नेणारी गृहिणी यांपैकी कोणाचेही नाव त्यात दुसऱ्याच्या नावाखाली पुसलेले नाही.