‘स्मृतिचित्रे’तील क्षमा

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या जुन्या मराठी घरांतून आवडीने वाचली जात आली आहेत. त्यांतील विनोद, प्रांजळपणा व घरगुती भाषा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो एका निराळ्या अंगाचा. आपले वाईट करणाऱ्याला क्षमा करावी, हा ख्रिस्ती धर्माचा मुख्य उपदेश. तो या आत्मकथेत कोणत्या रूपाने उतरला आहे?

मत्तयकृत शुभवर्तमानात पेत्र विचारतो, अपराधी बंधूला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? उत्तर येते ते सत्तर वेळा सातचे. पाठोपाठ एक दृष्टांत येतो. राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केलेला चाकर बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. तात्पर्य असे की, क्षमा हा क्षमा करणाराचा मोठेपणा नव्हे. आपल्यालाही सूट मिळाली आहे, या जाणिवेतून ती निघते.

नारायण वामन टिळकांच्या हाती १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत बायबल आले. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखी कोसळली. पदरी लहान मुलगा, पती हयात असून संसार उधळलेला, भोवती लोकांची कुजबूज. पुढे काही वर्षांनी त्या पतीकडे गेल्या, तरी आरंभी सोवळे सोडले नव्हते. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे क्षमेचा उपदेश ज्याने घरात आणला, त्यालाच प्रथम क्षमा करण्याची पाळी या बाईवर आली. टिळकांना तो उपदेश ग्रंथात सापडला. लक्ष्मीबाईंना तो संसारात गिरवावा लागला.

यावर कोणी म्हणेल, ही कसली ख्रिस्ती क्षमा? हा तर आपल्याकडील स्त्रीचा परंपरागत सोशिकपणा. आक्षेप वजनदार आहे, परंतु पुस्तक त्याला दुजोरा देत नाही. सोसणारी व्यक्ती अन्यायाचे नाव घेत नाही. लक्ष्मीबाई ते स्पष्ट घेतात. टिळकांचा संताप, न सांगता घर सोडून जाणे, घरात चणचण असता पैसे वाटून टाकणे, यांपैकी काहीही त्या झाकून ठेवीत नाहीत. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस एक नियम ठाऊक आहे. कोणतीही रक्कम निर्लेखित करावयाची तर ती आधी येणे म्हणून नोंदलेली असावी लागते. लक्ष्मीबाईंनी प्रत्येक येणे नोंदले आणि मगच सोडून दिले. सोशिकपणा आणि क्षमा यांतील भेद हाच.

शिवाय त्याच वहीत त्यांनी स्वतःचे देणेही मांडले आहे. आपले अज्ञान, हट्ट व फजिती त्या पतीच्या दोषांइतक्याच मोकळेपणाने सांगतात आणि स्वतःला हसतात. दृष्टांतातील चाकराला जे उमगले नाही, ते त्यांना उमगले होते.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. राग नेमका केव्हा विरला, मनात झुंज किती झाली, हे त्या क्वचितच उघड करतात. दुःखाचा प्रसंग रंगात आला की विनोद पुढे येतो आणि वाचक हसत पुढे जातो. काही ठिकाणी हा विनोद जखमेवरचा पडदा असावा, असा संशय आम्हांस येतो. त्या काळच्या स्त्रीने याहून अधिक लिहावे ही अपेक्षा कदाचित अन्यायाची ठरेल. तरी ती जागा रिकामी राहिली आहे खरी.

टिळक १९१९ साली निवर्तले. पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ज्याला क्षमा केली तो ऐकावयास उरला नव्हता. तेव्हा आभाराची वा पश्चात्तापाची अपेक्षा या लेखनामागे असणे शक्य नाही. आपल्या कुटुंबांतही वाटणीचे, मानपानाचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात आणि ज्यांच्याशी ते मिटवावयाचे, त्यांतील पुष्कळजण आता राहिले नाहीत. अशा वहीचे काय करावे, हे एका ख्रिस्ती झालेल्या मराठी बाईने लिहून ठेवले आहे. ते समजण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.