टोपी घालावी, की घातली? : एका चिनी विधीचे पुरावे वाचताना

चीनमधल्या ‘गुआन ली’बद्दल, म्हणजे मुलगा वयात आल्यावर त्याला टोपी घालण्याच्या विधीबद्दल, वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं : ‘प्राचीन चीनमध्ये प्रत्येक मुलाचा विसाव्या वर्षी हा विधी होत असे.’ संशोधनाकडे वळणाऱ्याने इथेच थांबून विचारावं : हे कशावरून?

मुख्य आधार ‘यीली’ या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण. तपशील भरपूर : दिवस आणि मुख्य पाहुणा ठरवायला कौल लावायचा, एकामागून एक तीन टोप्या घालायच्या, पाहुण्याने मुलाला नवं नाव द्यायचं. वाचताना वाटतं, कुणीतरी समोर बसून टिपून घेतलंय. पण हा प्रोटोकॉल आहे, लॅब नोटबुक नव्हे. काय करावं ते यात आहे. कोणी, किती वेळा केलं ते नाही. शिवाय प्रकरणाच्या नावातच ‘शी’ आहे, म्हणजे खालच्या श्रेणीतला सरदारवर्ग. ‘प्रत्येक मुलगा’ आला कुठून? मुलींच्या केसांत पिन खोवण्याचा विधी तर इथे येतच नाही. त्यासाठी पंधरावं वर्ष सांगतो तो ‘लीजी’ हा वेगळा ग्रंथ.

आता उलट पुरावा. थांग राजवटीत 732 साली दरबारी विधींची मोठी संहिता पूर्ण झाली. तिच्यात टोपीविधी आहे. मात्र त्याच राजवटीतला लेखक ल्यू झोंगयुआन (773–819) एका पत्रात सुन चांगयिनची गोष्ट सांगतो. सुनने मुलाचा विधी केला आणि दुसऱ्या दिवशी दरबारात तसं जाहीर केलं. एक बडा अधिकारी चिडून म्हणाला, त्याचं मला काय? सगळे हसले. संहितेतला विधी दरबारातच हास्यास्पद ठरला होता.

म्हणून हे पत्र म्हणजे अंतिम सत्य, असंही नाही. ल्यू गुरुपणाबद्दल बोलतोय : जे कुणी करत नाही ते केलं की लोक हसतात, हे त्याला पटवायचंय. शेकडो वर्षं हा विधी कुणी करत नाही, असंही तो म्हणतो. तो जोर युक्तिवादाचा असू शकतो.

दोन्ही साधनं कामाची आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांसाठी. एक आदर्श सांगतं, दुसरं आदर्श आणि व्यवहार यांतली फट दाखवतं. आज हानफू पोशाखाची आवड असलेले तरुण जुन्या ग्रंथांवरून हा विधी पुन्हा करतात. जरूर करावा. फक्त त्याला ‘अखंड परंपरा’ म्हणण्याआधी तुमच्या नोंदवहीत प्रत्येक स्रोतापुढे एक शब्द लिहा : ‘करावं’ की ‘केलं’.